पाच रविवारांचा हिशेब

या वेळचं पत्र एका बाबांचं आहे. थोडं कापून देते.

"मुलीच्या हट्टापायी दोन पाळीव उंदीर आणले. दोन्ही माद्या, एक पांढरी आणि एक तपकिरी. आज पाच आठवडे झाले. कुणीही पिंजऱ्याजवळ गेलं की दोघी घरट्यात पसार. पांढरी निदान तोंड तरी बाहेर काढते, तपकिरीला आम्ही अजून धड पाहिलेलंही नाही. दर रविवारी पिंजरा धुताना त्यांना पकडण्यात अर्धा-अर्धा तास जातो. एका ओळखीच्यांनी सांगितलं, शेपटीला धरून उचला, सोपं पडतं. तसं केलं तर गेल्या रविवारी तपकिरी गर्रकन उलटी वळली आणि माझ्या बोटाला कडकडून चावली. आता मी जाड हातमोजे घालतो. मुलगी नऊ वर्षांची आहे. उंदीर आपल्या खांद्यावर बसतील अशी तिची कल्पना होती. आता रोज विचारते, त्यांना मी आवडत नाही का? आमचं काही चुकतंय, की हे उंदीरच भित्रे निघाले? परत देऊन टाकावेत का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. परत देऊ नका. उशीरही झालेला नाही. पाच आठवडे म्हणजे तर सुरुवातच, आणि ती जरा उलट्या दिशेने झाली, एवढंच.

तुमच्या पत्रातच सगळं लिहिलेलं आहे, फक्त बेरीज करायची राहिली. या पाच आठवड्यांत तुमचा हात पिंजऱ्यात कधी कधी गेला ते आठवा. रोज वाटीत दाणे टाकायला, तेही वरून, झटकन आणि झाकण लावून मोकळे. आणि दर रविवारी. म्हणजे त्या दोघींच्या लेखी तुमचा हात काय आहे? आठवड्यातून एकदा वरून उतरतो, अर्धा तास पाठलाग करतो, शेपटीला धरून अधांतरी लटकवतो, भलत्याच डब्यात टाकतो, आणि परत सोडतो ते अशा घरात की जिथे स्वतःचा वासही उरलेला नसतो. असे पाच रविवार. या हाताला पाहून जो उंदीर पळत नाही, त्याचंच डोकं तपासायला हवं.

उंदराचं वजन तीसेक ग्रॅम. तुमचं साठ-सत्तर किलो धरलं तर तुम्ही त्याच्या दोन हजार पटींहून मोठे. घुबड, ससाणा, मांजर, त्याला खाणारं जे जे आहे त्यातलं बरंचसं वरून झडप घालतं. त्यामुळे वरून सावली आली की आधी पळायचं आणि कोण होतं ते मग बघायचं, ही अक्कल तो जन्मतःच घेऊन येतो. माणसाच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या वाढलेल्या उंदरातही ती पुसली गेलेली नाही. तुमच्या तपकिरीला भित्री म्हणू नका, ती हुशार आहे. चावली तेव्हाही तिने पळण्याचे सगळे मार्ग संपल्यावरच दात लावले.

आता शेपटीचं. ते आजपासून बंद. शेपटीवरची कातडी सोलून निघू शकते, हा एक धोका. पण तसं काही झालं नाही तरी नुकसान होतंच. २०१० साली इंग्लंडमधल्या लिव्हरपूल विद्यापीठातल्या जेन हर्स्ट आणि रिबेका वेस्ट यांनी प्रयोगशाळेतल्या उंदरांवर एक साधी गोष्ट तपासली: उंदीर कसा उचलला यानं काय फरक पडतो? काही उंदीर नेहमीसारखे शेपटीला धरून उचलले, काही नळीत घेऊन, काही उघड्या ओंजळीत. शेपटीला धरलेले उंदीर हात टाळत राहिले आणि चाचण्यांमध्ये जास्त धास्तावलेले दिसले. नळीतले आणि ओंजळीतले आपणहून हाताजवळ येऊ लागले, आणि पुढे त्यांना धरून ठेवायची वेळ आली तेव्हाही त्यांनी ते सोसलं. माणसाळवण्याचे कसलेही लाड नाहीत, खाऊची लाच नाही, केवळ उचलण्याची रीत बदलली.

हे वाचलं तेव्हा मला माझे जुने उंदीर आठवले आणि जरा शरमच वाटली. मी त्यांना दिवसदिवस कुरवाळायचा प्रयत्न करत असे आणि पकडताना मात्र घाईघाईत कोपऱ्यात गाठत असे. दिवसभराचं कुरवाळणं त्या एका झडपेत वाया जायचं.

म्हणून पहिलं काम नळीचं. कागदी रुमालाच्या गुंडाळीच्या आत पुठ्ठ्याची नळी असते ती चालेल. व्यास चार-पाच सेंटिमीटर, लांबी वीतभरापेक्षा थोडी कमी. उंदीर लठ्ठ असेल तर नळीला उभी चीर द्या, म्हणजे ती सैल पडते आणि तो आत अडकत नाही. ही नळी पिंजऱ्यातच ठेवून द्या, कायमची. पहिले तीन-चार दिवस तिला हातही लावू नका. त्या तिच्यातून धावतील, तिची कड कुरतडतील, कदाचित तिच्यात झोपतीलही. कुरतडून चिंध्या झाल्या तर दुसरी ठेवा, पण जुनीचा तुकडा राहू द्या, वासासाठी.

मग एका संध्याकाळी नळी भुशावर आडवी धरा, तोंड उंदराकडे. दुसरा हात त्याच्या मागे दूरवर ठेवा आणि अगदी सावकाश जवळ आणा, दार हळूच लोटावं तसा. ढकलायचं नाही, स्पर्शही करायचा नाही. उंदराला दोन वाटा दिसतात, एकीकडे मोठा हात आणि दुसरीकडे ओळखीचं अंधारं बीळ. तो बीळच निवडतो. आत गेला की नळीची दोन्ही तोंडं तळव्यांनी सैलसर झाका, नळी आडवीच ठेवून उचला, दोन-तीन सेकंद थांबा आणि पुन्हा खाली टेकवा. तो बाहेर पडेल. झालं, त्या दिवसाचा कार्यक्रम संपला. एवढ्याशा गोष्टीनं काय होणार असं वाटेल, पण त्याच्या दृष्टीनं घडलं ते मोठं आहे: उचललं गेलं, आणि काहीच वाईट झालं नाही.

आठवडाभर हेच. नंतर नळी जमिनीवर न टेकवता ओंजळीच्या काठाशी आणा आणि किंचित कलती करा. तो मागच्या बाजूनं घसरत तुमच्या तळव्यावर येईल. झटका देऊन पाडू नका. आणि आलाच तर मूठ बंद करू नका. ओंजळच हवी, मोकळी, वरून उघडी. त्याला वाटेल तेव्हा पुन्हा नळीत जाता आलं पाहिजे. निघून जाता येतं हे कळलं की उंदीर जास्त वेळ थांबतो. उलटं वाटतं, पण पाहाल तुम्ही.

हातमोज्यांबद्दल. चावल्यावर ते घालावेसे वाटणं साहजिक आहे, पण त्यांनी दोन्हीकडून तोटा होतो. तुम्हाला बोटांखाली काय आहे ते कळत नाही, त्यामुळे जोर जास्त लागतो, आणि त्यांना तुमचा वास मिळत नाही. उंदीर डोळ्यांनी फारसं ओळखत नाही. त्याची नजर अधू आहे, लाल रंग तर त्याला जवळपास दिसतच नाही. तो जग हुंगतो आणि मिशांनी चाचपतो. म्हणून वासाची ओळख आधी करून द्या. बिनवासाच्या साबणानं हात धुवा, कारण बोटांना खाण्याचा वास असेल तर तो बोट चाखून बघणार आणि तुम्ही म्हणणार चावला. दिवसभर अंगात घातलेल्या जुन्या सुती कपड्याचा रुमालाएवढा तुकडा घरट्याशेजारी टाका, धागे लोंबत असतील तर कापून, कारण ते पायात गुंततात. दोन दिवसांत तो तुकडा ओढून घरट्यात नेलेला दिसला, तर समजा तुमचा वास घरात स्वीकारला गेला.

एक गंमत सांगते. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली दाखवलं की पुरुषांच्या वासानं, अगदी त्यांनी घातलेल्या टी-शर्टच्या वासानंसुद्धा, उंदरांवर ताण येतो. बायकांच्या वासानं तसं होत नाही. हा परिणाम थोड्या वेळानं ओसरतो, तेव्हा काळजीचं कारण नाही. पण पांढरी तुमच्याआधी तुमच्या मुलीच्या हातावर चढली तर मनाला लावून घेऊ नका. आणि पिंजऱ्यापाशी बसलात तर लगेच उठू नका, त्यांना तुमच्या वासाची सवय व्हायला वेळ द्या.

वेळ कोणती निवडायची? दिवसा नको. ते संध्याकाळी आणि रात्री जागे असतात. झोपलेल्या उंदराला घरट्यातून उकरून काढणं म्हणजे पुन्हा रविवारच. खोलीतला मोठा दिवा मालवून लहानसा मंद दिवा ठेवा, तोही लाल असला तर उत्तम, तुम्हाला त्या दिसतील आणि त्यांना अंधारच वाटेल. पिंजरा जमिनीवर असेल तर उचलून टेबलावर, तुमच्या छातीच्या उंचीला ठेवा. मग तुमचा हात वरून येणार नाही, समोरून येईल. एक बाजू भिंतीला टेकलेली हवी. टीव्ही आणि संगणकापासून लांब ठेवा. आपल्याला वीस किलोहर्ट्‌झच्या वर काही ऐकू येत नाही, उंदराला ऐंशीच्याही वरचं ऐकू येतं. आपल्याला शांत वाटणारी यंत्रं त्याच्या कानाशी किंचाळत असू शकतात.

आता नळीच्या जोडीला रोजचा हात. पिंजऱ्याचं बाजूचं दार उघडा आणि तळवा वर करून हात भुशावर ठेवा. तळव्यावर सूर्यफुलाची एक बी किंवा ओटचे चार दाणे. आणि मग काही करू नका. हे सगळ्यात अवघड असतं, विशेषतः बापमाणसांना. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. हाताला मुंग्या येतील म्हणून कोपराखाली उशी घ्या. मुलीला शेजारी बसवून तिला हळू आवाजात गोष्टीचं पुस्तक वाचू द्या. उंदरांना गोष्ट कळणार नाही, पण तिचा आवाज त्यांच्या रोजच्या संध्याकाळचा भाग होईल आणि तिला काही करायला मिळेल.

पहिल्या दिवशी काही होणार नाही. कधीतरी पांढरी येईल, मागचे पाय लांब रोवून ठेवून पुढचं शरीर रबरासारखं ताणत. मागचे पाय पळायला तयार असतात, नाक तेवढं तुमच्याकडे येतं. त्या क्षणी श्वाससुद्धा जपून. बोट हलवून तिला हात लावायचा मोह होईल. तो तुम्ही आवरलात तर एक आठवडा वाचेल. ती मिशा लावून जाईल, पळेल, पुन्हा येईल. मग बी उचलून पळेल. मग एक दिवस तुमच्याच तळव्यावर बसून बी सोलेल, आणि टरफल तिथंच टाकून जाईल. जिवाला धोका वाटत असताना कुणी जेवायला बसत नाही, तेव्हा तो दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा. त्यानंतर अंगठ्यानं तिच्या खांद्यापाशी, बाजूनं, हलकेच एकदा. डोक्यावर नको, पाठीवर वरून तर नकोच.

कधी थांबायचं तेही कळलं पाहिजे. कान मागे चपटे झाले, शरीर दगडासारखं थिजलं, शेपूट भुशावर थरथर आपटू लागली, भराभर लेंड्या पडल्या, तर हात बाहेर घ्या, पण झटकन नको, जसा गेला तसा सावकाश. थिजलेला उंदीर बघून लोकांना वाटतं की किती शांत बसलाय हातावर. तो शांत नसतो, तो भीतीनं गोठलेला असतो. तोंड धुण्याचं मात्र दोन्ही अर्थांनी असतं. निवांतपणीही उंदीर तोंड धुतो आणि गोंधळला तरी धुतो, म्हणून तेवढ्यावरून काही ठरवू नका, कान बघा.

तपकिरीसाठी वेगळं काही करू नका. तिला पांढरीपासून वेगळी काढून एकटीला 'शिकवण्याचा' सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. माद्यांना सोबत लागते, आणि एक उंदीर निर्धास्त हातावर जाताना पाहून दुसरा धीट होतो. (दोघी खरंच माद्या आहेत ना, हे एकदा जाणत्या माणसाकडून बघून घ्या. सहा आठवड्यांचे उंदीर वयात आलेले असतात आणि गर्भारपण जेमतेम तीन आठवड्यांचं असतं. एक नर निघाला तर तुमचं पुढचं पत्र फार लांबलचक येईल.)

आता रविवार. माझ्या पहिल्या उंदरांच्या वेळी मी भलती स्वच्छताप्रेमी होते. दर दोन दिवसांनी सगळा भुसा बाहेर, पिंजरा साबणानं लख्ख, घरटं कचऱ्यात. आणि मग तक्रार की हे अजून बावरलेलेच कसे. मला लख्ख दिसत होतं ते त्यांना उजाड वाटत होतं. वास म्हणजे त्यांची भिंत, त्यांचं अंथरूण, त्यांची नावाची पाटी. तुम्ही रोज ओला कोपरा तेवढा चमच्यानं काढा. पूर्ण साफसफाई करायचीच तर त्यांना नळीतून न्या किंवा झोपलेल्या असताना अख्खं घरटं उचलून डब्यात ठेवा, पाठलाग करू नका. आणि परत ठेवताना जुन्या घरट्यातला मूठभर कोरडा भाग नव्या भुशात मिसळा. भुसा देवदार किंवा पाइनचा नको, त्याचा उग्र वास त्यांच्या श्वासनलिकेला सोसत नाही, कागदी बिछाना बरा. तो दहा-बारा सेंटिमीटर जाड घाला. लपायला जागा जितकी जास्त तितके उंदीर जास्त बाहेर दिसतात. जागा कमी असली की ते एकाच भोकात ठाण मांडतात.

मुलीला हातावर घ्यायची वेळ येईल तेव्हा ती जमिनीवर बसलेली असावी, मांडीवर टॉवेल. उभ्यानं अजिबात नाही. उभ्या मुलाच्या हातातून पडलेल्या उंदराचा पाय मोडू शकतो, आणि दचकून घट्ट आवळलेला उंदीर श्वास घेऊ शकत नाही. कोरडा बाथटब किंवा उंच कडांचं मोठं खोकं असेल तर त्यात टॉवेल पसरून, नळी ठेवून तिथंच खेळा. मुलगी आत हात ठेवून बसेल, उंदीर तिच्यावरून येतील-जातील. तिला हेही आधीच सांगून ठेवा की खांद्यावर बसणं होईलच असं नाही. काही उंदीर हातावर येऊन खातात, फिरतात, बाहीत शिरतात, पण कुरवाळलेलं त्यांना आयुष्यभर आवडत नाही. 'मी आवडत नाही का?' या तिच्या प्रश्नाचं खरं उत्तर, 'अजून त्यांनी तुला पाहिलेलंच नाही, त्यांनी फक्त बाबांचा हातमोजा पाहिलाय.'

पुन्हा चावलीच तर हात झटकू नका, ती फेकली जाईल. हात भुशावर टेकवा, ती सोडते. जखम साबणाच्या पाण्यानं धुवा, सूज किंवा ताप आला तर डॉक्टरकडे जा. खेळून झाल्यावर हात धुणं सगळ्यांना सक्तीचं. घरात कुणी गरोदर असेल तर तिनं उंदीर हाताळू नयेत आणि पिंजऱ्याची सफाईही दुसऱ्यानं करावी. उंदरांकडून येणारा एक विषाणू गर्भाला घातक ठरू शकतो.

आणि एक शंका मनात ठेवा. तपकिरी कधीच बाहेर येत नाही असं तुम्ही लिहिलंय. भीतीच असेल बहुतेक. पण रात्री उशिरा मंद उजेडात एकदा नीट निरखून बघा. केस पिंजारलेले, डोळे अर्धवट मिटलेले, श्वास घेताना टिकटिक किंवा घरघर, असं काही दिसलं तर हे सगळं बाजूला ठेवून तिला लहान प्राणी बघणाऱ्या पशुवैद्याकडे न्या. आजारी उंदीर शेवटपर्यंत दुखणं लपवतो.

किती दिवस लागतील? पांढरीला तीन-चार आठवडे, असा माझा अंदाज. तपकिरीला कदाचित दोन-तीन महिने, कारण तिच्या खात्यावर चावण्यापर्यंत गेलेला एक रविवार जमा आहे. पाळीव उंदीर साधारण दोन वर्षं जगतो, त्या मानानं हा काळ काही थोडा नाही, पण दुसरी वाट मला माहीत नाही.

येत्या रविवारी पिंजरा धुऊ नका. ओला कोपरा काढा, नळी आत ठेवा, दार लावा. हातमोजे बागेच्या कामाला द्या. आणि महिन्याभरानं मुलीला चार ओळी लिहायला सांगा, तपकिरीचे डोळे कोणत्या रंगाचे आहेत ते.